वजन कमी करण्याचं ऑपरेशन आणि आपले सर्जन: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2018 च्या डिसेंबरात माझं स्लीव्हचं, म्हणजे पोट कापून लहान करण्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर, कुठेही कुणाच्या घरात हा विषय निघाला की फोन माझ्याकडे येतो. बहुतेक फोन रात्री नऊनंतरचे आणि हळू आवाजातले, कारण ज्याला कळू द्यायचं नसतं तो शेजारच्या खोलीत जागा असतो. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. औषधाचा डोस माझ्याकडून घेऊ नका.

तुमचं किती कमी झालं?

हा नेहमीच पहिला. उंची 158 सेंटिमीटर, ऑपरेशनच्या दिवशी वजन 112 किलो. वर्षानं 75. आज सकाळी 82. मधले सात किलो कुठून आले ते पुढे सांगते, लपवण्यासारखं काही नाही.

माझं वजन ऑपरेशनला बसतं का?

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. उंचीचा वर्ग करा आणि वजनाला त्यानं भागा. 1.58 चा वर्ग साधारण अडीच, 112 ला अडीचनं भागलं की 45 च्या जवळ. हा माझा तेव्हाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. (वर्गात हे उदाहरण देत नाही.)

1991 मध्ये अमेरिकेत ठरलेली रेघ बरीच वर्षं सगळीकडे चालली: बीएमआय 40, किंवा मधुमेह, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर 35. 2022 मध्ये अमेरिकेतल्या आणि जागतिक सर्जन-संघटनांनी ती खाली आणली. आता आजार नसला तरी 35, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर 30 पासून विचार होतो. आशियाई लोकांसाठी ती 27.5 पर्यंत येते, कारण आपल्याकडे वजन फार नसतानाही चरबी पोटात साठते आणि साखर लवकर चढते.

तिलकनगरच्या एक वहिनी मुलाच्या लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून गेल्या होत्या. 66 किलो, बीएमआय 26, आजार कुठलाच नाही. सर्जन सरांनी परत पाठवलं. वहिनी चिडल्या, "मी पैसे मोजायला तयार आहे तर ह्यांचं काय जातं?" मला ते सर त्या दिवसापासून जास्त आवडायला लागले.

स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास, बलून. यातलं कुठलं चांगलं?

स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग उभा कापून काढून टाकतात. उरतं ते केळ्यासारखं, छोट्या वाटीभर मावेल एवढं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक लागतच नाही. घड्याळ बघून जेवावं लागतं, आणि हे मला, जिला मधल्या सुट्टीची घंटा पोटात वाजायची, फार विचित्र वाटलं होतं.

बायपासमध्ये पोटाची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न कमी जातं आणि रस्ताही बदलतो. मिनी बायपासमध्ये दोनाऐवजी एकच जोड. मधुमेह जुना आणि हट्टी असेल किंवा छातीत जळजळ फार होत असेल, तर सर्जन बहुधा बायपासकडे वळतात, कारण स्लीव्हनं ॲसिडिटी वाढू शकते. बलून एंडोस्कोपीनं घालतात आणि साधारण सहा महिन्यांनी काढतात. त्याच्याबरोबर बरंचसं वजनही परत येतं.

तुमच्यासाठी कुठलं, हे मी सांगणार नाही. पण सर्जनकडे सगळ्याच पेशंटना एकच ऑपरेशन सुचवलं जात असेल तर "मला हेच का?" असं विचारा.

हे अजून प्रयोगच चाललेत ना?

नाही. 1954 मध्ये अमेरिकेत आतड्याचा मोठा भाग वगळून पहिली ऑपरेशनं झाली. त्यांतल्या कित्येकांना जुलाबांनी आणि लिव्हरच्या त्रासानं बेजार केलं, आणि ती पद्धत टाकून दिली गेली. आयोवातल्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी पोटाचा भाग काढलेल्या बायका नंतर जाड होत नाहीत. त्यातून 1966 मध्ये गॅस्ट्रिक बायपास आला. 1994 मध्ये तो दुर्बिणीतून करता यायला लागल्याचं प्रसिद्ध झालं. आणि आपलं स्लीव्ह? ते मुळात एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होतं. फार वजनाच्या पेशंटना एका बैठकीत सगळं झेपत नाही म्हणून आधी एवढंच करायचे, आणि मग पुष्कळांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडेना.

स्वीडनमध्ये 1987 पासून ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या मिळून चार हजारांवर लोकांची नोंद ठेवली. 2007 मध्ये आकडे आले तेव्हा साधारण 11 वर्षांत ऑपरेशनवाल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ चतुर्थांशानं कमी होतं. आमच्या बाबांना हे वाचून दाखवल्यावर ते सहीला तयार झाले. त्याआधी ते म्हणत होते, "सकाळी नेहरू पार्कला दोन चकरा जास्त मार."

सर्जन कसा निवडला?

दोघांना भेटले. पहिल्या हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, विचारूही नका.

तिथे आधी एका कोऑर्डिनेटर मुलीनं अल्बम दाखवला. आधीचे आणि नंतरचे फोटो, नंतरच्या सगळ्यांचे हात कमरेवर. मग पॅकेज. "इस महीने करा लेंगी तो कम में हो जाएगा." मग सर आले. सात मिनिटं. मान वर केली ती एकदाच, वजन किती भरलं ते विचारायला. आईनं घाबरत घाबरत विचारलं, "डॉक्टर साहब, रिस्क कितना है?" ते हसून म्हणाले, "माताजी, सड़क पार करने में भी रिस्क है." बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "रस्ता ओलांडायचे कुणी पैसे नाही घेत."

दुसऱ्या सरांनी विचारलं, "कल सुबह से रात तक क्या-क्या मुँह में गया? चाय भी बताइए." मी म्हटलं, दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. त्यांनी पेन खाली ठेवलं. "और?" मग स्टाफरूममधली कचोरी निघाली. "और?" मग संध्याकाळची शेव, वाटीनं नाही, डब्यातून मुठीनं. "और?" यादी पाऊण पान झाली. ते रागावले नाहीत, फक्त लिहीत गेले. मग माझ्याच सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी पोट काढलं, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखं. त्यावर उभी रेघ मारली आणि उजवीकडचा भाग पेननं खोडून काळा केला. "इतना निकल जाएगा. वापस नहीं लगता. घर जाकर पंद्रह दिन सोचिए."

तो कागद माझ्याकडे अजून आहे. पंधरा दिवस फ्रीजवर लावला होता.

आणखी एक. मी न विचारता त्यांनी सांगितलं, की त्यांच्या एका पेशंटला लीक, म्हणजे शिवलेल्या जागेतून पाझर, झालं होतं, परत ऑपरेशन करावं लागलं, महिना हॉस्पिटलात गेला. हे ऐकून आईची भीती कमी झाली. मला वाटलं होतं वाढेल.

मग भेटीत विचारायचं काय?

"किती किलो कमी होतील" याचं उत्तर कुठलाही सर्जन देईल. ढोबळ हिशोब असा, की जादा वजनाच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत वर्ष-दीड वर्षात जातं. त्याला भेट खर्ची घालू नका.

मी आता सांगते ते असं: वर्षाला अशी किती करता, हे सरळ विचारा. कुणी दुखावत नाही, आणि दुखावला तर तेही कळलंच. टेबलावर तुम्ही स्वतः असणार की तुमचे असिस्टंट? गुंतागुंत झाली तर रात्री कोण येतं, आयसीयू इथेच आहे की गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं? आणि ज्यानं माझी निवड झाली तो प्रश्न: तिसऱ्या महिन्यात मला उलट्या झाल्या तर फोन कोण उचलतं? पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, "रिसेप्शन." दुसऱ्या ठिकाणी डाएटिशियन मॅडमनी स्वतःचा नंबर वहीवर लिहून दिला आणि वर म्हणाल्या, रविवारी दुपारी दोन ते चार झोपते, तेवढं सोडून.

इंदूरला बाहेरगावाहून माणसं या ऑपरेशनसाठी येतात, आपल्याला ते घरबसल्या मिळतं. खंडवा, बुरहानपूर, जळगावकडच्यांनी मात्र हा फोनचा प्रश्न दोनदा विचारावा.

सर्जनपासून एखादी गोष्ट लपवली तर चालते का?

एका काकांनी बिडी लपवली. घरात सगळ्यांना ठाऊक, सरांना नाही. बायपास झाला, आठ महिन्यांनी पोटात आग आणि काळी शौच. जोडाच्या जागी अल्सर. तंबाखू आणि दुखण्याच्या गोळ्या, दोन्ही त्या जागेचे वैरी. काकू अजून म्हणतात, "सरांनी नीट विचारलं नाही." सरांनी विचारलं होतं, मी त्या खोलीत होते.

पेशंट म्हणून आपली गंमत अशी, की सर्जननं आपल्याला सगळं खरं सांगावं ही अपेक्षा, आणि आपण मात्र दोन पोळ्या आणि भाजी. दारू, तंबाखू, आयुर्वेदिक म्हणून चालू असलेली कुठलीही पुडी, मनाच्या आजाराच्या गोळ्या, रात्री उठून खाण्याची सवय: सगळं सांगा. नवरा किंवा सासू सोबत असताना सांगता येत नसेल तर "दो मिनट अकेले में बात करनी है" म्हणा. चांगले सर्जन स्वतःच बाकीच्यांना बाहेर बसवतात.

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात म्हणे?

उपाशी नाही, पातळ आहारावर, साधारण दोन आठवडे. पोटावर लिव्हर पसरलेलं असतं. चरबीनं सुजलेलं असेल तर सर्जनला ते उचलून खाली पोहोचणं अवघड जातं, या आहारानं ते आक्रसतं. माझ्या त्या दोन आठवड्यांत घरात दोन बारशी आणि एक डोहाळजेवण होतं.

पहिले दिवस कसे जातात?

मला दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मिळालं. औषधाबरोबर येतं ते रेघांचं प्लास्टिकचं झाकण असतं ना, त्यात 30 मिली. ते एकदम प्यायचं नाही, पंधरा मिनिटं लावायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी एक एक थेंब जिभेवर घोळवला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा पाण्याची चव कळली, आणि ती थोडी गोड असते असं माझं मत झालं.

ऑपरेशनच्याच संध्याकाळी चालवतात. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाऊ नये म्हणून. पायात घट्ट मोजे, पोटात इंजेक्शन आणि हातात तीन छोट्या चेंडूंचं ते फुंकायचं, म्हणजे खरं तर श्वास आत ओढायचं खेळणं. नर्स ओरडते, ओरडू द्या.

घरी आल्यावर दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, महिना-दीड महिन्यानं नेहमीचं. जेवताना पाणी नाही, जेवण आणि पाणी यांत अर्धा तास. हा नियम मी आजही मोडला की शिक्षा होते.

लीक म्हणजे काय? घरी कसं ओळखायचं?

पोट कापून जिथे स्टेपलनं शिवतात तिथून आतला द्रव पाझरणं. अनुभवी हातांत शंभरात एखाद्याला होतं, आणि घरी आल्यानंतरही होऊ शकतं. घाबरवण्यासाठी सांगत नाही, अनुभवी केंद्रांत या ऑपरेशननं मृत्यूचं प्रमाण हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या आसपास आहे. पण वेळ महत्त्वाची.

आमच्या सरांनी शिकवलेलं: थर्मामीटरच्या आधी नाडी बघा. शांत बसलेलं असताना नाडी 120 च्या वर, दम लागणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात भरलेल्या गॅसनंही खांदा दुखतो, पण ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. वाढत चाललं तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन "गॅस झालाय, इंजेक्शन द्या" असं करू नका. ज्यानं ऑपरेशन केलं त्यालाच फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

खर्च आणि विमा?

खर्चाचा आकडा माझ्याकडून घेऊ नका, दर बदलतात. पण अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात स्टेपलरची कार्ट्रिज किती धरलीत ते बघा. स्लीव्हला साधारण पाच-सहा लागतात, जादा लागलं तर बिल तिथेच फुगतं. आयसीयूचे दिवस, परत ऑपरेशनची वेळ आली तर पैसे कोणाचे, हेही लिहून मागा.

विम्याचं गणित वेगळं आहे. विमा नियामकाच्या ठरावीक मजकुरानुसार पेशंट किमान 18 वर्षांचा हवा, ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्यानं हवं, बीएमआय 40 हवा, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही. शिवाय आधीचे सौम्य उपाय फसलेले असावेत. म्हणजे सर्जन नव्या रेघेनं हो म्हणाला, तरी विमा कंपनी जुन्या रेघेवर अडू शकते. आणि "उपाय फसले" हे कागदावर दिसावं लागतं. म्हणून डाएटिशियनच्या जुन्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या फेकू नका. आमच्या घरी त्या कपाटातल्या साड्यांच्या खोक्यात होत्या. आईनं जपल्या होत्या, पैसे वाया गेल्याचा पुरावा म्हणून.

पोहे-जिलबी कायमची सुटली का?

नाही हो. इंदुरात राहून कसं सुटेल.

पण मोजमाप बदलतं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि पोटात जागा वाटीभर. त्या वाटीत आधी पोहे भरले तर पनीर, अंडं, मूग, दही कुठे जाणार? म्हणून आधी प्रथिनं, मग दोन चमचे वाफेवरचे पोहे, शेव-जिरावण टाकून. जिलबीचं बायपासवाल्यांनी जपावं. साखर आतड्यात एकदम उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात.

माझी फजिती सराफ्यात, रात्रीच्या खाण्याच्या बाजारात, झाली. चौथा महिना, रात्रीचे साडेअकरा, बहिणीची मुलं पुण्याहून आलेली. गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, दोना हातात, गरमागरम, वर लिंबू. मी फक्त दोन फोडी घेतल्या, पण गप्पांच्या नादात नीट चावल्या नाहीत. दुसरी छातीच्या मधोमध अडकली. गिळता येईना, तोंडात फेसासारखं पाणी सुटायला लागलं. एका सोन्याच्या दुकानाच्या बंद शटरसमोरच्या पायरीवर मी वीस मिनिटं वाकून बसले. भाचा पाण्याची बाटली घेऊन आला, ती तर मुळीच नको होती. पलीकडचा भुट्ट्याचा कीस विकणारा म्हणाला, "मैडम, ऑपरेशन वाली हो क्या? आराम से बैठो, निकल जाएगा." म्हणजे त्या पायरीवर बसणारी मी पहिली नव्हते.

केस गळतात का? कातडी लोंबते का?

केस गळतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं आणि पुढच्या सहाएक महिन्यांत थांबतं. 2019 च्या रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला तीन तास उभी राहिले, अशी कित्येक वर्षांत राहिले नव्हते. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली तर रंगाबरोबर ओंजळभर केस जाळीत. त्याच दिवशी आनंदही आणि रडूही. प्रथिनं, लोह, झिंक बघा, तेलं बदलत बसू नका. कातडी लोंबते, हो. साडीत दिसत नाही.

चतुर्थी, एकादशी, नवरात्र?

पहिलं वर्ष नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आणि निर्जळी तर धोक्याची. आमच्या आजीनं तोडगा काढला: माझी चतुर्थी ती करणार, मी खजराण्याच्या गणपतीला चालत जायचं.

नातेवाइकांना काय सांगायचं?

वाटलं तर सगळं, वाटलं तर काहीच नाही. मी सासरी सांगितलं, शाळेत नाही. शाळेत सगळे म्हणाले, "किती बारीक झालीस, काय करतेस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "रात्रीचं जेवण सोडलं." एका मैत्रिणीनं मग खरंच रात्रीचं जेवण सोडलं, तीन महिने. तिचं काहीच कमी झालं नाही आणि ती स्वतःला दोष देत बसली. तेव्हा जाऊन तिला खरं सांगितलं. ती दोन आठवडे बोलली नाही, बरोबरच होतं तिचं.

"ऑपरेशन म्हणजे सोपा रस्ता" असं म्हणणारे भेटतील. त्यांना तीस मिलीचं झाकण दाखवा.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन ओळख ठेवतात का?

सात किलोंची गोष्ट इथली आहे.

पहिलं वर्ष मी वेळेवर गेले. पहिला महिना, तिसरा, सहावा, बारावा. आकडा खाली येत होता, सर खुश, मी खुश, डाएटिशियन मॅडमनी माझा चार्ट दुसऱ्या पेशंटला दाखवलासुद्धा. मग 2020 आलं, लॉकडाउन, घरात बसून ऑनलाइन तास. हातात बिस्किटं. स्लीव्हला बिस्किटं, शेव, चहा, आइस्क्रीम हे सगळं चालतं, सहज खाली घसरतं. काकडी अडकते, बिस्किट नाही. तीन किलो वाढले आणि मी ठरवलं, कमी करून मग सरांकडे जाऊ. अभ्यास न झालेलं पोर क्लासला दांडी मारतं तसं. दरवर्षी अशी दहा पोरं मी पकडते, स्वतःला पकडायला दोन वर्षं लागली.

या काळात व्हिटॅमिनच्या गोळ्याही सुटल्या होत्या. 2022 मध्ये पायांना मुंग्या यायला लागल्या, फळ्यासमोर उभं राहिलं की तळवे बधिर. बी-12 पार खाली गेलेलं. पोटाचा जो भाग काढतात त्याचं बी-12 शोषायला मदत करणारं काम होतं, हे सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सांगितलं होतं, हे मी मान्य करते. पण दोन वर्षांत हॉस्पिटलकडून एकही फोन आला नाही, हेही खरं. जुनी कोऑर्डिनेटर गेली, नवीन यादीत माझं नाव नव्हतं. मी हे सरांना तोंडावर म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गलती आधी हमारी, आधी आपकी. इंजेक्शन पूरा आपको लगेगा." इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या.

आता मोबाइलमध्ये दर सहा महिन्यांनी गजर लावलाय: हिमोग्लोबिन, लोह, बी-12, डी, कॅल्शियम. गोळ्या जन्मभर आहेत, आणि उलट्या होत असतील तर बी-1 चीही आठवण करून द्या, ते फार लवकर संपतं. सर्जन आपल्याला विसरले तर आपण त्यांना विसरू नये, कारण रिपोर्ट आपल्या रक्ताचा असतो.

वजन वाढल्यावर सर्जन रागावतात का?

काही रागावतात. "हमने तो अपना काम कर दिया था" असं ऐकलेल्या दोघी मला माहीत आहेत. त्यांतली एक परत कधी कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण थोडं वजन परत येणं बहुतेकांत होतं, ते कामचुकारपणाचं प्रमाणपत्र नव्हे. माझ्या सरांनी वजनकाट्याकडे न बघता परत तेच विचारलं, "कल सुबह से रात तक?" यावेळी मी पहिल्याच दमात सगळं सांगितलं.

आता इंजेक्शनं आलीत, मग पोट कशाला कापायचं?

2025 मध्ये मार्चला माउंजारो आणि जूनला वेगोवी भारतात आलं, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त. मोठ्या चाचण्यांमध्ये वेगोवीनं साधारण 15 टक्के वजन उतरलं, माउंजारोच्या मोठ्या डोसानं 20 च्या आसपास. ऑपरेशननं एकूण वजनाच्या 25 ते 30 टक्के उतरतं. इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. ज्यांचं वजन ऑपरेशनच्या रेघेच्या अलीकडे आहे त्यांना मी आधी तोच रस्ता विचारून घ्या म्हणते. काही सर्जन ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनासाठीही ती वापरतात. नुसतं ऑपरेशनच विकणारा किंवा नुसतं इंजेक्शनच विकणारा, दोघांपासूनही जरा लांब बसा.

मधुमेह जातो का?

पुष्कळांचा मागे हटतो, बायपासनंतर तर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येते. पण आजार जितका जुना, तितकी आशा कमी, आणि वर्षांनी तो परत येऊ शकतो. ऑपरेशननंतर मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि न विचारता पूर्वीच्या डोसावरही राहू नका.

मूल कधी? दारू?

मूल 12 ते 18 महिन्यांनंतर, आणि वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात हे नवऱ्यालाही सांगा. दारू दोन घोटांत चढते.

पश्चात्ताप होतो का?

दुसऱ्या आठवड्यात झाला होता. ताटात सगळ्यांना पुरणपोळी आणि माझ्यापुढे गाळलेलं वरणाचं पाणी. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग मिळाला आणि मध्ये न थांबता वर पोहोचले त्या दिवशी तो गेला.

तुमच्या सरांचं नाव द्याल का?

इथे नाही. माझ्याशी जे जुळले ते तुमच्याशी जुळतीलच असं नाही. प्रत्यक्ष भेटायला या, बोलू. येताना सगळे रिपोर्ट आणा, आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं ते कागदावर लिहून आणा, चहासकट. जेवायला थांबणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, आमच्याकडे आता चारच पोळ्यांची कणीक भिजते.